पान चौदा, सगळीकडे सारखं

बाजी,

तुमच्या जाण्याची खबर मला फाईल म्हणून आली. तुमच्या यजमानांनी, करीमभाईंनी स्वतः बनवलेलं एक पान होतं, वर उर्दू आणि खाली मराठी. मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. बोट लावलं आणि पान उघडलं. खोटं कशाला सांगू, तुमचं नाव वाचायच्या आधी मी हे पाहिलं की सगळ्या मात्रा, वेलांट्या जागच्या जागी आहेत. कुठं रिकामा चौकोन नाही, कुठं प्रश्नचिन्ह नाही, उर्दूचा एक नुक्ता हललेला नाही. 'वा, करीमभाई!' असं मनात येऊन गेलं. मग वाचलं. रुखसाना बाजी, आपला इंतकाल झाला म्हणून. दुपारच्या नमाजानंतर दफन. तेव्हा मात्र मी खाली पायरीवर बसले आणि पोरांसमोर रडले.

रडता रडता एक गोष्ट मात्र मला कळत होती आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण जिंकलो, बाजी. अकोल्याच्या जुन्या शहरातलं दोन लिप्यांचं पान शेंदूरजनाघाटच्या एका मास्तरणीच्या साध्या फोनवर जसंच्या तसं उघडतं, यात आता कुणाला काही नवल वाटत नाही. आमच्या नव्या शिक्षिकेला सांगितलं तर ती म्हणते, "म्हणजे? पूर्वी उघडत नव्हतं?" नव्हतं, बाई. उघडत नव्हतं म्हणून तर मला बाजी भेटल्या.

आठवतं का अमरावतीचं ते संगणक प्रशिक्षण? दहा दिवसांचं होतं, त्यातले निम्मे तास भारनियमनात गेले. एका संगणकापुढे दोघादोघांना बसवायचे. सगळ्यांनी आपापल्या ओळखीचं माणूस धरलं आणि उरलो आपण दोघी. मी वरूड तालुक्यातली मराठी शाळेची, तुम्ही अकोल्याच्या उर्दू शाळेच्या. तुम्ही बुरख्याच्या खिशातून साबणदाणी काढलीत. मला वाटलं, हात धुवायला निघाल्या. त्यात पेन ड्राईव्ह निघाला. "साबन महाग नाई वं, हे महाग हाय," असं म्हणालात, आणि मी जी हसले ती दहा दिवस हसतच राहिले. वीज गेली की तुम्ही कागदावर कीबोर्ड काढायचात आणि त्यावर माझी बोटं फिरवून घ्यायचात. मी कुरकुर केली तर म्हणायचात, "वीज आली का बोटं तयार पायजेत. वीज काही तुही वाट पाहून नाई राहिली."

ते दिवस आपल्या वऱ्हाडात कुणालाच विसरता यायचे नाहीत. आमच्याकडे बोअरचं पाणी गेलं आणि पंधरा-वीस वर्षांच्या संत्र्याच्या बागा उभ्या वाळल्या. लोक स्वतःच्या हातानं झाडं तोडून सरपण करत होते. तुमच्याकडे कापसानं तीच गत केली. पण मास्तरणीला दुष्काळ दिसतो तो हजेरीपटावर. दिवाळीनंतर माझ्या वर्गात एकेक नाव कमी व्हायचं. बाप अकोल्याला हमालीला गेला, कुणाचा अमरावतीला बांधकामावर गेला, आणि लेकरू त्याच्यामागं. नव्या शाळेत ते लेकरू मागच्या बाकावर बसायचं, कारण तिथला धडा पुढं गेलेला असायचा किंवा मागं राहिलेला असायचा. दोन-तीनदा असं झालं की लेकरू शाळाच सोडायचं. मला तेवढीच एक गोष्ट थांबवायची होती.

म्हणून मी सरावाची पानं काढायचं ठरवलं. तिसरीच्या गणिताची आणि भाषेची, क्रमांक घातलेली. आपल्या प्रशिक्षणातल्या एकतीस जणांच्या शाळांमध्ये तीच पानं, त्याच क्रमानं. लेकरू कुठंही गेलं तरी म्हणेल, 'माझं अकरावं पान झालं,' आणि तिथली बाई बारावं काढून देईल. कागदावर किती सोपं वाटत होतं!

मग वरूडचा तो दिवस उजाडला. मी घरी रात्रंदिवस बसून पानं टाईप केली होती. फाईल घेऊन वरूडच्या झेरॉक्सवाल्याकडे दिली आणि शाळेत निघून गेले. संध्याकाळी गठ्ठे आले, सकाळी केंद्रातल्या नऊ शाळांत वाटले गेले. मी वर्गात पान हातात घेतलं. मराठीचं एक अक्षर नव्हतं त्यावर. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा, मध्येच एखादी लोंबकळणारी वेलांटी. माझ्या मराठीचा फॉन्ट त्याच्या संगणकात नव्हता, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. तशीच सायकल हाणत दुकानात गेले तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मले वाटलं विंग्रजीचा पेपर हाय."

आणि तरी, बाजी, ते पान एका पोरीनं सोडवलं होतं! पल्लवी. बागवानाची पोरगी. तिचे वडील संत्री मोजताना एका हातात तीन आणि दुसऱ्यात दोन घ्यायचे, पाच-पाचाचा सपाटा. पल्लवीनं टक्क्याच्या सगळ्या खुणांना पाच-पाचाचे गोल केले होते, आणि खाली लिहिलं होतं, 'एकूण नऊ वाटे आणि दोन उरले.' मी मोजून पाहिलं. बरोबर होतं.

ते पान आणि फाईल घेऊन मी अकोल्याला आले. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात शिरले, तीनदा चुकले, शेवटी करीमभाईंच्या लग्नपत्रिकांच्या छापखान्यात पोहोचले. तुम्ही पान पाहिलंत आणि पोट धरून हसलात. मला राग आला. तुम्ही माझा राग पाहिलात आणि आणखी हसलात. मग माझ्यासमोर खिचडीची ताटली सरकवून म्हणालात, "आमचं उर्दूचं तर जनमभर असंच हाय, सुनंदा. आमची फाईल आमच्या मशीनशिवाय कुठीच उघडत नाई. मंग आमी काय पत्रिका छापनं बंद केलं का?"

तुम्ही खुर्ची ओढलीत. करीमभाईंच्या संगणकात माझा फॉन्ट होता, त्यात माझी फाईल उघडून तुम्ही प्रिंटरची यादी काढलीत. त्यात एक नाव असं होतं, ज्याला मशीनच नव्हतं. तुम्ही त्यावर बोट ठेवून छापायचा हुकूम दिलात आणि मी वेड्यासारखी कागद यायची वाट पाहत प्रिंटरच्या तोंडाशी हात धरून उभी राहिले. करीमभाई कोपऱ्यात कार्डं मोजत होते, ते म्हणाले, "बहनजी, कागज अंदर ही छप गया." पडद्यावर तीच माझी सरावाची पानं, पण आता फॉन्ट त्यांच्या पोटातच बांधलेला. पीडीएफ. तुम्ही ती फाईल साबणदाणीतल्या पेन ड्राईव्हवर घेतलीत, मला ओढत गल्लीतल्या तीन वेगवेगळ्या दुकानांत नेलंत. एक मोबाईल दुरुस्तीवाला, एक ट्रॅव्हल्सचं तिकीट काढणारा आणि एक झेरॉक्सवाला. तिन्ही संगणकांवर माझी मराठी जशीच्या तशी उघडली. तिसऱ्या दुकानात मी ओरडलेच. दुकानदार म्हणाला, "काय झालं बाई, निकाल लागला का?"

निकालच होता तो.

त्यानंतरचं वर्ष आठवलं की मला आजही छाती फुगल्यासारखी वाटते. आपण दोघींनी एकतीस शाळांना ते शिकवलं. रविवारी कुणाच्या तरी गावच्या शाळेत जमायचं, तुमचा डबा, माझी संत्र्याची बर्फी. मास्तर लोक आधी तोंड वाकडं करायचे. एका गुरुजींनी तर सांगितलं, "मी फॉन्टचीच सीडी संगं देतो नं सगळ्याइले, मंग झालं." तुम्ही विचारलंत, "आनं दुकानदारानं नाई टाकली तर? तुमी काय सीडीसंगं लेकरूबी देता?" गुरुजी बसले. तुमचे नियम मी अजून वर्गातल्या फळ्याच्या मागं चिकटवून ठेवलेत. कागद नेहमी ए-फोर धरायचा, कारण लीगल धरला तर गावच्या दुकानात शेवटची ओळ कापली जाते. पाठवायच्या आधी दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहायचं. एक प्रत काढून लेकराच्या हातात द्यायची, ते काय वाचतं ते ऐकायचं, मगच शंभर काढायच्या. जिथं नेट नव्हतं तिथं एस.टी.च्या कंडक्टरबरोबर साबणदाणी जायची. एकदा परतवाड्याला ती साबणदाणी खरंच न्हाणीघरात गेली आणि तिथल्या आपल्या मोहितेबाईंनी तिला पाण्यातून काढलं. पेन ड्राईव्ह उन्हात वाळवला, तरी चालला!

आणि मग तो फोन. संक्रांत झाली होती. पल्लवीच्या बापानं उरलेली बाग तोडली आणि ते कुटुंब मला न सांगता निघून गेलं. मी तिच्या बाकाकडे बघायचं टाळत होते. आठवडाभरानं तुमचा फोन आला. पलीकडून आधी नुसता तुमचा दम लागलेला श्वास ऐकू आला.

"सुनंदा, तुही पोट्टी माह्याकडं हाय."

तुमची शाळा सकाळी उर्दूची आणि त्याच इमारतीत दुपारी मराठीची. पल्लवीला दुपारच्या वर्गात बसवलं होतं. तिथल्या बाई प्रशिक्षणातल्या नव्हत्या, त्यांना पानांचं काही ठाऊक नव्हतं. पल्लवी त्यांना म्हणाली, "माहे तेरा झाले, मले चौदावं द्या." त्यांना कळेना पोरगी काय मागते. त्या तुमच्याकडे आल्या. तुम्ही घरी जायला निघाला होतात, तशाच करीमभाईंच्या छापखान्यात गेलात, चौदावं पान काढलंत आणि धावत परत आलात. चौदावं म्हणजे पाचाच्या पाढ्याचं. वर संत्र्याचं चित्र, खाली 'संत्र्याच्या ढिगात पाच-पाचाचे किती वाटे?'

"तिनं पान पायलं," तुम्ही म्हणालात, "आनं म्हने, हे तं आमचंच हाय. आनं वं सुनंदा, बसल्या बसल्या सोडवलं."

मी फोन ठेवला आणि वर्गातल्या पोरांना पुन्हा मधली सुट्टी दिली. दुपारचे तीन वाजले होते, खरी मधली सुट्टी कधीच होऊन गेली होती. पल्लवीनं त्या वर्षी चाळीसच्या चाळीस पानं पूर्ण केली. अकोल्यात. तिच्यानंतर आणखी सतरा लेकरं अशी या शाळेतून त्या शाळेत गेली, त्यातलं एकही शाळेतून गळलं नाही. बाजी, मी मोठ्या लोकांचे सत्कार पाहिलेत, हार-तुरे पाहिलेत. त्या तीन वाजताच्या मधल्या सुट्टीची सर कशालाच नाही.

आता आपलं भांडण. ते अर्धवट राहिलंय आणि तुम्ही निघून गेलात, हे काही बरोबर केलं नाही.

मी म्हणत होते की बंद फाईल पोचते हे खरं, पण ती बदलता येत नाही. मेळघाटातल्या लेकरानं संत्र्याची बाग पाहिलेली नाही, त्याला मोहाची फुलं मोजू द्या. दर्यापूरच्या लेकराला कापसाची बोंडं द्या. प्रत्येक बाईला आपल्या गावाप्रमाणं पान बदलता आलं पाहिजे, म्हणजे उघडी फाईल द्या. तुम्ही म्हणायचात, "उघडी देल्ली का फुटली. एक बाई संत्र्याचा आंबा करन, दुसरी पाचाचे चार करन, आनं तिसऱ्या दुकानात मात्रा उडन. मंग पल्लवी कुठी गेली तं तिचं चौदावं पान कोनतं? पह्यले पोहोचू दे, मंग सजव." दोघींचं खरं होतं, म्हणून तर भांडण संपत नव्हतं. पाच वर्षं आपण दर रविवारी तेच भांडलो. बाकीचे चहा प्यायला निघून जायचे.

आणि त्यातल्या एका रविवारी, अमरावतीला, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडून ते गेलं. "बाजी, मराठी काही तुमची भाषा नाही. त्यात काय बदलायचं ते तुम्हाला काय कळणार?"

तुम्ही चष्मा काढलात, पदराला पुसलात, परत घातलात. "मोर्णेचं पानी मीबी पेली वं," एवढंच म्हणालात, आणि डबा उघडून सगळ्यांना वाढायला लागलात. मलाही वाढलंत. दोन दिवसांनी तुमची फाईल आली. माझ्या पुढच्या दहा पानांत शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, चारही तुम्ही दुरुस्त केल्या होत्या. त्याबद्दल एक शब्द लिहिला नव्हतात. मी त्या चुका पाहून लाजले आणि तरीही माफी मागितली नाही. उद्या मागू, पुढच्या रविवारी मागू, असं करत राहिले. मग आपण आपापल्या शाळांत मुख्याध्यापिका झालो, रविवार कमी झाले, फोनवर तब्येतीचं आणि लेकरांचं बोलणं होत राहिलं. ते एक वाक्य मी कधीच परत घेतलं नाही. आज घेते, बाजी. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोरच लिहिते आहे, हे पत्रही आपल्या सगळ्या शाळांना जाईल. मराठी तुमची होती. माझ्यापेक्षा तुम्ही ती जास्त जपून नेलीत, साबणदाणीत घालून.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी मी अकोल्याला आले. छापखाना बंद होता, करीमभाई ओट्यावर बसले होते. मला पाहून ते आत गेले आणि साबणदाणी घेऊन आले. म्हणाले, "आपके लिए रखी थी. बोलती थी, सुनंदा आयेगी तो झगडा करेगी, उसको ये दे देना." मी ती तिथं उघडली नाही, पिशवीत ठेवून एस.टी. धरली.

घरी येऊन पेन ड्राईव्ह संगणकाला लावला. त्यात सगळी चाळीस पानं होती, नव्यानं केलेली. शेवटची दुरुस्ती दवाखान्यात जायच्या आधीच्या आठवड्यातली. मी चौदावं उघडलं. तुमची सवय, फाईल बंदच होती. हलवायला जावं तर एक काना हलत नव्हता. पण वर जिथं संत्र्याचं चित्र होतं तिथं आता रिकामी चौकट होती. आत बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इथं तुमच्या गावचं पीक काढा.' आणि खाली रिकामी रेघ, 'च्या ढिगात पाच-पाचाचे किती वाटे?'

बाजी! इतकं सोपं होतं? पाच वर्षं आपण भांडलो, बाकीच्यांनी इतका चहा प्यायला, आणि उत्तर एवढंच होतं की लेकराच्या हातात पेन्सिल असते? मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या. कुणाला तरी सांगायचं होतं, आणि जिला सांगायचं होतं तिनंच ते केलं होतं. मी मोठ्यानं हसले. मग पुन्हा रडले, पण हे रडणं पायरीवरच्या रडण्यासारखं नव्हतं.

सोमवारी ते पान आपल्या जुन्या सगळ्या शाळांना पाठवलं. एका दुपारी! कंडक्टर नाही, सीडी नाही. दुसऱ्या दिवसापासून फोटो यायला लागले. दर्यापूरहून कापसाची बोंडं. मेळघाटातून मोहाची फुलं, एकानं त्यात अस्वलही काढलं होतं. परतवाड्याहून मोहितेबाईंच्या नातीच्या वर्गातून केळीचे घड. तुमच्या शाळेतून, सकाळच्या वर्गातल्या लेकरांनी तूर काढून खाली उर्दूत नाव लिहिलं होतं, आणि दुपारच्या वर्गानं तेच मराठीत. माझ्या वर्गात तर काय, सगळीकडे संत्रीच संत्री. इथं पुन्हा बागा लागल्यात, बाजी, नवी झाडं या आंबिया बहाराला धरलीत. चौकटीतलं प्रत्येक चित्र वेगळं, आणि चौकटीबाहेरची प्रत्येक मात्रा जागच्या जागी. तुम्ही जिंकलात. मीही जिंकले. एका भांडणात दोघींनी जिंकावं असं मी तरी आजवर पाहिलं नव्हतं.

तुमच्या चाळिसाव्या दिवसाच्या दुआला मी ती सगळी पानं घेऊन येते आहे. करीमभाईंनी ती ओट्यावर दोरीला लावायची कबूल केलं आहे, पत्रिकांचे नमुने लावतात तशी. पल्लवीही येणार आहे. ती आता अकोल्यातच दवाखान्यात नर्स आहे, तुमच्या शेवटच्या दिवसांत तुमची सलाईन तिनंच बदलली, हे मला करीमभाईंनी सांगितलं. तुम्ही मला सांगितलं नव्हतंत.

तिला मी चौदावं पान फोनवर पाठवलं होतं. काल भर दुपारी, ड्यूटीवरून तिनं फोन केला. म्हणाली, "मॅडम, पान उघडलं. पन माहं तं आता गाव बी नाई, बाग बी नाई. मी या चौकटीत काय काढू?"

मी म्हटलं, "संत्राच काढ, माय. बाजीनं इतके वर्सं थो तुह्यासाठीच हलू देल्ला नाई."